रस्त्याखालच्या भाडेकरूंचे करारनामे दाखवा

मुंबईच्या २२७ नगरसेवकांना खुले पत्र

मा. नगरसेविका व नगरसेवकहो,

सप्रेम नमस्कार.

७ मार्च २०२२ रोजी आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं मुंबईचा कारभार प्रशासकांनी पाहिला. प्रस्ताव मांडायचा त्यांनीच, मंजूरही त्यांनीच करायचा. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानानंतर त्या खुर्च्यांवर आपण बसलात. खड्डे, पाणी, कचरा, फेरीवाले यांच्या तक्रारींचा ढीग आपल्या टेबलावर एव्हाना लागला असेल. त्यात माझ्या पत्राची भर घालतोय, पण माझा विषय रस्त्याच्या पोटातला आहे आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

मागणी आधीच सांगून टाकतो. वीज, गॅस, टेलिफोन आणि इंटरनेट कंपन्या ज्या अटींवर मुंबईचे रस्ते, पदपथ आणि मैदानांच्या कडा वापरतात, त्या अटींचा कागद मुंबईकराला वाचायला मिळाला पाहिजे. पूर्ण कागद, मराठीत, सही-शिक्क्यासकट.

कुठल्याही रस्त्याखाली काय काय आहे ते बघा. पालिकेच्या जलवाहिन्या, मलवाहिन्या, पावसाळी नाल्या आहेतच. शिवाय शहर भागात बेस्टच्या वीजकेबल, उपनगरांत अदाणी इलेक्ट्रिसिटीच्या, मुलुंड-भांडुपकडे महावितरणच्या, आणि टाटा पॉवरच्या तर दोन्हीकडे. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसच्या नळ्या. एमटीएनएलच्या जुन्या तांब्याच्या केबल, ज्यांच्यातून आता फारसं कुणी बोलत नाही. त्यांना खेटून खासगी कंपन्यांचं फायबर. या सगळ्यांच्या डोक्यावर डांबर किंवा काँक्रीट, ज्याचे पैसे आपण भरतो.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम २८९ प्रमाणे सार्वजनिक रस्ते महानगरपालिकेच्या मालकीत येतात. म्हणजे बाकीचे सगळे तिथे आपल्या जागेत राहतात. आता आमच्या सोसायटीत कुणाला भाडेकरू ठेवायचा झाला तर ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार लागतो, त्याची नोंदणी लागते, डिपॉझिट ठरतं, पोलिसांकडे माहिती द्यावी लागते, आणि घर सोडताना भिंतीला पाडलेलं भोक कोण बुजवणार हेसुद्धा लिहिलेलं असतं. एका वन रूम किचनसाठी एवढं. आणि शेकडो किलोमीटर रस्त्याखाली पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा करारनामा मालकाच्या घरातल्या माणसांना, म्हणजे आपल्याला, एका जागी वाचायला मिळत नाही.

हे पूर्वीपासून असंच चालत आलंय, असं कुणी आपल्याला सांगेल. तसं नाही, आणि त्याचा पुरावा या शहराच्याच इतिहासात आहे.

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले १८६५ मध्ये, खासगी कंपनीच्या गॅसवर. १८७३ मध्ये नगरपालिकेने ट्रामसाठी एका कंपनीशी करार केला आणि ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम कुलाब्याहून पायधुणीला निघाली. खरी बघण्यासारखी गोष्ट पुढची आहे. ७ ऑगस्ट १९०५ रोजी एक सवलतपत्र झालं. त्यानुसार बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीला शहरात वीज पुरवण्याचा आणि विजेवरची ट्राम चालवण्याचा एकाधिकार मिळाला. १९०७ च्या मे महिन्यात विजेची ट्राम धावू लागली. कंपनीने पैसा कमावला, शहराला उजेड आणि वाहतूक मिळाली. पण हा मक्ता कायमचा नव्हता. संपूर्ण उपक्रम पुढे विकत घेण्याचा हक्क पालिकेने स्वतःकडे राखला होता. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे देश स्वतंत्र होण्याच्या आठवडाभर आधी, पालिकेने तो बजावला. आज आपण ज्या ‘बेस्ट’ समितीवर वर्णी लागावी म्हणून पक्षश्रेष्ठींकडे खेटे घालता (रागावू नका, सगळेच घालतात), ती समिती मुळात त्या हक्कामुळे आहे.

४२ वर्षं. कंपनी कोण, तिला काय मिळालं, शहराने स्वतःकडे काय राखलं, हे त्या कागदात होतं. त्या काळची पालिका काही लोकशाहीचा आदर्श नव्हती. मताचा अधिकार मोजक्या करदात्यांपुरता होता. तरीही रस्ता देताना त्यांनी दोन पिढ्यांनंतरचा विचार केला, आणि त्यामुळे बेस्ट मुंबईकरांची झाली.

आता उपनगरांकडे या. तिथली वीजकंपनी १९२९ साली स्थापन झाली, ती बीएसईएस. नव्या शतकाच्या सुरुवातीला ती रिलायन्सकडे गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये अदाणींकडे. हा शेवटचा व्यवहार १८,८०० कोटी रुपयांच्या घरातला होता. त्यात गैर काहीच नाही. वीज वितरणाचा परवाना राज्य वीज नियामक आयोगाच्या अखत्यारीत येतो आणि व्यवहार रीतसर झाला. मला कुतूहल वेगळ्याच गोष्टीचं आहे. वांद्र्यापासून दहिसरपर्यंतच्या रस्त्यांखाली ज्या केबल आहेत त्या उपसून कुठे नेता येत नाहीत. त्यांची किंमत आहे ती त्या तिथे आहेत म्हणून. म्हणजे जे विकलं गेलं त्यात आपल्या रस्त्याखाली राहण्याची सोयसुद्धा आली. मालक दोनदा बदलला, तेव्हा रस्त्याच्या मालकाला कुणी काही विचारलं का? अटी पुन्हा लिहिल्या गेल्या का? सभागृहात त्यावर एखादं निवेदन झालं का? या प्रश्नांची उत्तरं प्रशासनाकडून मागून घेणं आपल्याला अवघड नाही.

सध्या व्यवहार चालतो तो चरांच्या हिशोबाने. कंपनी वॉर्ड ऑफिसात अर्ज करते, इतके मीटर लांब, इतका रुंद चर. डांबर, काँक्रीट की पेव्हर ब्लॉक, त्याप्रमाणे पूर्ववत करण्याचा आकार भरते. वाहतूक पोलिसांची परवानगी घेते. १ ऑक्टोबरपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत खोदाईचा हंगाम. खोदणारा कंत्राटदार कंपनीचा, बुजवणारा पालिकेचा. तपशिलात फरक असतील, पण सगळी गोम या शेवटच्या वाक्यात आहे. खोदणाऱ्याला बुजवण्याची काळजी नाही, आणि बुजवणाऱ्याला खाली काय टाकलंय ते बघायचं नाही. जून लागला की चराच्या रेषेवर रस्ता बसतो आणि त्या खड्ड्याला वारस उरत नाही.

आमच्या गल्लीत एका कंपनीने असाच चर घेतला होता. दोन्ही बाजूंना निळे-पांढरे पत्रे, मध्ये एक फलक. फलकावर छापील रकाने होते, कामाचं नाव, परवानगी क्रमांक, काम पूर्ण होण्याची तारीख, संपर्क. पहिला रकाना भरलेला, बाकीच्यांत खडूने काहीतरी लिहून बोटाने पुसल्याची पांढरी खूण. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, “साहेब, हा बोर्ड मागच्या साइटचा आहे.” तो खोटं बोलत नव्हता. चराच्या तळाशी नवी नळी, तिच्यावर आडवी गेलेली एक काळी केबल, आणि त्या केबलीखाली एक गंजका पाइप, ज्याच्याबद्दल तिथल्या कुणालाच काही सांगता येईना. चालू आहे की बंद, कुणाचा आहे, तेही नाही. शेवटी त्याला वळसा घालून काम पुढे गेलं. मुंबईत असे वळसे किती असतील.

इथे नकाशाचा प्रश्न येतो, आणि त्याच्यापायी माणसं मरू शकतात. ठाण्यात एका बोअरवेलच्या खोदकामाने मुंबईला पाणी आणणाऱ्या जलबोगद्याला भोक पडलं. दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर शहरात १५ टक्के पाणीकपात झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर सीप्झजवळ मेट्रोच्या कामात वेरावली जलाशयाची १,८०० मिलिमीटर व्यासाची वाहिनी फुटली आणि अंधेरीपासून पुढे घराघरांतले नळ दोन-तीन दिवस कोरडे पडले. मार्च २०२५ मध्ये अंधेरी पूर्वेला शेर-ए-पंजाब भागात खोदकामात गॅसवाहिनी फुटून आग लागली, येणारे-जाणारे भाजले. नोव्हेंबर २०२५ मध्ये आरसीएफ या खत कारखान्याच्या आवारात मुख्य गॅसवाहिनीला धक्का बसला, वडाळ्याच्या केंद्राला गॅस पोहोचेना, आणि रिक्षा-टॅक्सीवाले सीएनजीच्या रांगेत दिवस काढू लागले. चारही ठिकाणी जागा वेगळी, यंत्रणा वेगळी. पण दर वेळी यंत्राचं टोक जिथे टेकलं तिथे खाली काय आहे, हे चालवणाऱ्याला बहुधा माहीत नव्हतं किंवा कुणी सांगितलं नव्हतं. खोदण्यापूर्वी संबंधितांना कळवण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये एक ॲप आणलंय. चांगलंच आहे. पण ॲप सांगणार कुणाला, तर ज्याने आपलं जाळं तिथे नोंदवलंय त्याला. केबल टाकणाऱ्याने काम झाल्यावर खोली, वळणं आणि सांध्यांसह प्रत्यक्षातला नकाशा दिला नाही तर पुढच्या परवानग्या बंद, अशी अट प्रत्येक करारात असायला हवी. ती आहे का? असेल तर आजवर किती नकाशे जमा झाले?

नवे काँक्रीट रस्ते हा या सगळ्याचा सगळ्यात महागडा भाग. दोन टप्पे मिळून सुमारे ७०० किलोमीटर रस्ते आणि १७ हजार कोटींच्या आसपास खर्च. नव्या काँक्रीट रस्त्यावर चर खणू देणार नाही, असं प्रशासनाने २०२५ मध्ये जाहीर केलं. घोषणा योग्य आहे, पण ती पाळायची तर रस्त्याच्या कडेने केबल-नळ्यांसाठी सोडलेली डक्ट वापरात यायला हवी. मग त्या डक्टमध्ये जागा कुणाला, किती, किती वर्षांसाठी आणि काय दराने? आधी आलेली कंपनी सगळी डक्ट भरून टाकेल, तर नंतर येणाऱ्याने काय करायचं? पाण्याच्या गळतीसाठी रस्ता फोडावाच लागला तर काँक्रीटचा पूर्ण चौकोन (पॅनेल) बदलायचा की ठिगळ लावायचं? काँक्रीट एकदा ओतलं की हे प्रश्न सोडवणं कैकपटींनी महाग होतं, म्हणून याचं धोरण आत्ता सभागृहासमोर यायला हवं.

पैशांबद्दल माझं मत कदाचित आपल्याला आवडणार नाही. कंपन्यांकडून भरघोस भाडं उकळा, असं मी म्हणत नाही. एक म्हणजे टेलिकॉमच्या बाबतीत पालिकेचे हात बांधलेले आहेत. केंद्राच्या २०१६ च्या मार्गाधिकार (दुसऱ्याच्या जागेतून केबल नेण्याचा हक्क) नियमांनी ठरवलं की भूमिगत केबलसाठी स्थानिक संस्थेला प्रशासकीय खर्चापुरतं शुल्क आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च एवढंच घेता येईल, आणि ६० दिवसांत निर्णय दिला नाही तर परवानगी दिली असं धरलं जाईल. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेले नवे नियमही याच वाटेने जातात. त्यावर दिल्लीशी भांडायचं तर भांडा, मला आनंद होईल. दुसरं म्हणजे वीजकंपनीने पालिकेला भरलेला पैसा शेवटी आमच्याच बिलातून वसूल होतो. उद्या पालिकेने दुप्पट आकार लावला आणि बिल वाढलं, तर मी मालमत्ता करातही भरणार आणि वीजबिलातही. कंपन्या हे गाऱ्हाणं मांडतात तेव्हा त्यात तथ्य असतं. पालिकेच्या वेळकाढूपणामुळे कामं रखडतात, हंगाम हातचा जातो, हेही खरंच.

पण कागद दाखवायला पैसे पडत नाहीत. आणि आमच्याच बिलातून निघून आमच्याच पालिकेत जाणारी रक्कम कुठल्या दराने, कुठल्या रस्त्यासाठी घेतली आणि त्यातून तो रस्ता खरंच नीट झाला का, हे विचारण्याचा हक्क आमच्याशिवाय कुणाचा असणार?

‘व्यापारी गोपनीयता’ हे उत्तर आपल्याला ऐकवलं जाईल. ते मान्य करू नका. माहितीचा अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ मध्येच लिहिलंय की सवलती, परवाने आणि अधिकारपत्रं कुणाला दिली त्याचा तपशील सार्वजनिक प्राधिकरणाने आपणहून प्रसिद्ध करायचा आहे. अर्ज करून, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून, अपिलात जाऊन मिळवायची ही गोष्टच नव्हे. भाव ठरवतानाची बोलणी गुपित असू शकतात. रस्त्याखाली किती खोलीवर, किती वर्षं, कुठल्या अटीवर राहणार, यात गुपित कसलं?

जबाबदारीचंही आता न्यायालयाने पक्कं केलंय. खड्ड्यांमुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायची, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. ही रक्कम पुढे दोषी अधिकारी आणि कंत्राटदारांकडून वसूल व्हावी, अशीही त्यात अपेक्षा आहे. मग चराच्या रेषेवर बसलेल्या खड्ड्यात कुणी स्कूटरवरून पडलं, तर वसुली कुणाकडून? खोदणारा बुजवणाऱ्याकडे बोट दाखवणार, बुजवणारा खाली टाकलेल्या नळीकडे. करारातच एकाचं नाव लिहिलेलं असेल तर हा खेळ थांबेल. माझ्या मते खोदणाऱ्यानेच बुजवावं आणि दोन पावसाळे त्याची हमी द्यावी. अभियंत्यांचं मत वेगळं असू शकतं. ते सभागृहात मांडू द्या, आम्ही ऐकू.

जमिनीच्या वरचंही थोडं. पदपथावरचे वीजपुरवठ्याचे पिलर, टेलिफोनच्या बंद पडलेल्या पेट्या, मोबाइलचे खांब. ज्या पदपथावर एक पिलर, त्याच्यामागे एक मृत पेटी आणि त्या दोघांच्या सावलीत एक टपरी असते, तिथे आजीबाईंना रस्त्यावर उतरूनच चालावं लागतं. वापरात नसलेली पेटी उचलून नेण्याची मुदत करारात हवी, नाहीतर पालिकेने उचलावी आणि भंगाराचे पैसे घ्यावेत. उद्यानांत आणि मैदानांत मोबाइलचे मनोरे उभे करू देण्यावरून दहा-बारा वर्षांपूर्वी या शहरात बराच गदारोळ झाला होता. त्या परवानग्यांची मुदत कधी संपते, ते आपल्या प्रभागातल्या मैदानापुरतं तरी तपासून पाहा.

प्रभाग कुणाचाही असो, पक्ष कुठलाही असो, यात कुणाची मतं जाण्यासारखं काही नाही. म्हणून आपल्या सोयीसाठी ठरावाच्या सूचनेचा मसुदाच देतो. भाषा सुधारून घ्या, नाव आपलं घाला.

“सार्वजनिक रस्ते, पदपथ व मोकळ्या जागांचा वापर वीज, गॅस व दूरसंचार सेवा पुरविणाऱ्या संस्था करीत आहेत. या वापरासंबंधीचे करार, परवानग्या व अटी नागरिकांना एकत्रितपणे उपलब्ध नाहीत. तरी या महानगरपालिकेचे असे मत आहे की, असे सर्व प्रचलित करार व धोरणात्मक परवानग्या, त्यांची मुदत, आकारलेले शुल्क व भूमिगत वाहिन्यांच्या नकाशांची सद्यःस्थिती यांसह महानगरपालिकेच्या संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध करण्यात यावी. यापुढील कोणताही असा करार अथवा त्याचे नूतनीकरण किमान ३० दिवस नागरिकांच्या हरकती व सूचनांसाठी खुले ठेवल्यानंतरच मंजुरीसाठी सादर करण्यात यावे. तसेच कंपनीची मालकी बदलल्यास त्या करारातील अटींचा फेरआढावा सभागृहापुढे ठेवण्यात यावा.”

सूचक एक लागतो, अनुमोदक एक. २२७ मधून दोघे पुढे आलात तर प्रशासनाचा अभिप्राय येईपर्यंत प्रेक्षक सज्जात येऊन बसायची माझी आणि माझ्यासारख्या काही जणांची तयारी आहे.

आपला,
पश्चिम उपनगरातल्या एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव